सारपाँग सरांना खाज सुटते

खरुजेत लाज वाटण्यासारखं काही नाही, असं क्वाकू सारपाँग सर कुमासीच्या नर्सिंग कॉलेजात प्रत्येक नव्या वर्गाला टेबलावर हात आपटून सांगत. एक बारीकसा किडा असतो, तो कातडीत बीळ करतो, गरीब-श्रीमंत काही बघत नाही, मग त्यात लाज कसली आलीय? हे सगळं खरं होतं आणि सरांचा त्यावर विश्वासही होता. फक्त तोवर तो किडा सरांकडे आलेला नव्हता.

तो आला जानेवारीत, ऐन हरमाटनमध्ये. उत्तरेकडून वाळवंटाची धूळ घेऊन तो कोरडा वारा सुटला की ओठ फुटतात, टाचा भेगाळतात आणि सगळी कुमासीच थोडीफार खाजवत असते. त्यामुळे डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात चुरचुरलं तेव्हा सर मनाशी म्हणाले, हरमाटन. मग उजव्या हाताला सुरू झालं तेव्हाही म्हणाले, हरमाटन. मग मनगट, मग कंबर, आणि तेही अंथरुणात ऊब आली की जास्त. ही लक्षणं सांगून एखाद्या विद्यार्थिनीनं पुढे "हरमाटन" असं निदान केलं असतं, तर सरांनी तिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"तुम्ही खाजवताय," त्यांची बायको सेरवा म्हणाली.

"मी खाजवत नाही. निरीक्षण करतोय."

"नखांनी?"

पुढच्याच आठवड्यात सेरवाही कंबरेचं निरीक्षण करू लागली आणि त्यांची मुलगी पोकुआ तर नाताळाच्या आधीपासूनच बँकेतून घरी आली की आधी मनगटं दाराच्या चौकटीवर घासते आणि मग चपला काढते, हे सरांच्या आता ध्यानात आलं. ज्या घरात एकापेक्षा जास्त माणसं खाजवतात त्या घरात दुसरं काही शोधत बसू नये, हे वाक्य सरांचंच होतं. परीक्षेत दोन गुणांना यायचं.

एरवी सरांनी हे प्रकरण गुपचूप निस्तरलं असतं. पण महिनाअखेरच्या शनिवारी पोकुआच्या होणाऱ्या सासरची माणसं दार वाजवायला येणार होती. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी दारूच्या बाटल्या घेऊन यावं, दारावर टकटक करावी आणि रीतसर मुलगी मागावी. तोवर मुलानं ते घर पाहिलेलंच नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं असतं. मुलगा होता फिफी, सरांचाच जुना विद्यार्थी, आता सरकारी इस्पितळात नर्स. तो समुद्रकाठच्या फांटे लोकांतला. फांटे लोक कपड्यालत्त्याचे भारी शौकीन, आणि त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं कुमासीत सगळेच म्हणतात. मुलीच्या घरात खरूज आहे हे त्यांना कळलं असतं, तर ती बातमी त्यांची गाडी परत पोचायच्या आधी समुद्रापर्यंत गेली असती आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या परत मागायला माणूस आला असता.

त्यात बैठकीचा मान बापाचा नव्हताच. सरांसारख्या कुमासीच्या आशांटी घरात मूल आईच्या कुळाचं. बाप म्हणजे मुलांना जेवूखाऊ घालणारा एक सज्जन गृहस्थ. निकाल द्यायचा तो मामानं. पोकुआचा मामा बेदियाको याचं गावातल्या सुआमे भागात मोटारींच्या सुट्या भागांचं मोठं दुकान होतं. दाजी डॉक्टर होऊ शकले नाहीत म्हणून इतकं बोलतात, असं त्याचं सरांबद्दलचं मत होतं, आणि ते तो मनात ठेवत नसे. दर रविवारी तो बहिणीची विचारपूस करायला यायचा. विचारपूस उभ्या उभ्या आटोपायची. मग शेजारच्या फ्रेमाबाईंच्या व्हरांड्यात बसून त्यांच्या हातचा, उखळात कंद कुटून केलेला फुफू खाता खाता संध्याकाळ व्हायची. मामा विधुर, फ्रेमाबाई विधवा, आणि दोघंही इतके थोर की त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

खरी अडचण होती हस्तांदोलनाची. अशा बैठकीत आल्यागेल्यानं उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घ्यायचा असतो. हात न देणं म्हणजे अपमान, आणि डावा देणं म्हणजे भांडणच. सरांच्या बोटांवर तर बारीक पुळ्यांची रांग लागली होती. साध्या हस्तांदोलनानं खरूज सहसा लागत नाही हे सरांना ठाऊक होतं, पण पुळ्या दिसतात हेही ठाऊक होतं.

उपाय त्यांना पाठ होता. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लोशन चोपडायचं, कपडे-चादरी धुवायच्या, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो वा नसो. एक जरी सुटला तरी किडा त्याच्याकडे मुक्काम करून परत येतो. आता घर म्हणजे काय? अंगण एक, नळ एक, न्हाणीघर एक, भोवती चार बिऱ्हाडं, आणि कुणाचं पोर कुणाच्या चटईवर झोपेल याचा नेम नाही. म्हणजे खरुजेचं नावही न घेता चार बिऱ्हाडांना कपडे उतरवून पांढरं लोशन फासायचं होतं.

सर या विचारात पाण्याच्या टाकीआड उभे राहून निरीक्षण करत असताना फ्रेमाबाईंनी त्यांना गाठलं. फ्रेमाबाई बाजारात क्रीम विकत. गोरं करणारं, उजळ करणारं, लग्नाआधीचं, बाळंतपणानंतरचं. ही क्रीमं कातडीची माती करतात असं सरांनी चर्चमधल्या बायकांच्या सभेत त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या.

"सर, एक ट्यूब आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत खाज बंद."

"मला खाज नाही."

"मग ज्याला असेल त्याला द्या. कुणाला सांगणार नाही मी. तुम्ही माझं नाव सगळ्या चर्चला सांगितलंत, पण मी नाही सांगणार."

त्या ट्यूबमध्ये काय असतं यावर सर दोन तास शिकवत. खाज दबते, कातडी फिकी पडते आणि आतला किडा मजेत संसार वाढवतो. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसानं इकडेतिकडे बघितलं आणि ट्यूब खिशात घातली. दोन दिवसांत खाज थांबली. आठवड्यानं परत आली ती दुप्पट होऊन, आणि दरम्यान सरांची बोटं मनगटापर्यंत दुधाळ चहाच्या रंगाची झाली. उजळ क्रीमच्या विरोधात सगळ्या कुमासीत सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस आता हात खिशात घालून शिकवू लागला.

मग सर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरची बाई आनंदानं उठली. "सर! मी तुमच्या वर्गातली." खरुजेचं लोशन हवंय म्हटल्यावर तिनं विचारलं, कुणासाठी? सर म्हणाले, एका ओळखीच्यांसाठी. ती म्हणाली, "त्यांना घेऊन या ना सर. तुम्हीच शिकवलंय, रोगी पाहिल्याशिवाय औषध द्यायचं नाही." सर तिचं कौतुक करून हात हलवत परतले. चांगलं शिकवण्याचे तोटे त्यांच्या आजवर लक्षातच आले नव्हते.

राहिलं कॉलेजचं भांडार. तिथे लोशनच्या बाटल्या धूळ खात पडल्या होत्या, पण भांडारपाल म्हणाला, सार्वजनिक कामाशिवाय एक थेंब मिळणार नाही. सरांनी अर्ज लिहिला की आपल्या अंगणातल्या रहिवाशांसाठी गुरुवारी छोटंसं आरोग्य शिबिर घ्यावं म्हणतो. छोटंसं या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली. अर्ज समितीकडे गेला, समितीनं तो कशाबद्दल आहे असं विचारलं, सरांनी "त्वचेचे आरोग्य" असं लिहून दिलं, समितीनं त्वचेचा कोणता भाग असं विचारलं, आणि शेवटी तो प्राचार्या तुमवाबाईंपुढे गेला.

तुमवाबाई हेलावल्या. "सारपाँग, लोक स्वतःचं घर सोडून जगाला शहाणपण शिकवतात. तुम्ही स्वतःच्या अंगणापासून सुरुवात करताय. गुरुवार नको, मुलींचे तास असतात. शनिवारी करू. मी सगळा वर्ग पाठवते."

"शनिवारी जरा घरी..."

"घरीच तर आहे. कापडी फलक छापायला दिलाय."

पैसे भरून झालेला फलक जगातली कुठलीही शक्ती परत घेऊ शकत नाही. बैठकीचा दिवस बदलावा म्हणून सरांनी मामाला फोन केला. मामा म्हणाला, "दाजी, इंजिन उतरवल्यावर गाडी विकायची नाही म्हणून चालत नाही." याचा अर्थ सरांना कळला नाही, पण नकार कळला.

शनिवारी सकाळी सरांनी सेरवाच्या जुन्या कापडाची झोळी करून उजवा हात गळ्यात बांधला, बोटं आत.

"हे काय?" सेरवानं विचारलं.

"मोडलाय."

"कधी?"

"पाहुणे यायच्या आत मोडेल," सर म्हणाले आणि अंगणात खुर्च्या मांडायला लागले. डाव्या हातानं.

दारावर टकटक झाली. फिफीचे मामा नाना कोबिना चार माणसं आणि बाटल्या घेऊन आत आले. उजवीकडून हस्तांदोलन सुरू झालं. बेदियाको मामा, सेरवा, आणि शेजाराच्या नात्यानं आलेल्या, नव्या कापडातल्या फ्रेमाबाई. नाना कोबिना सरांसमोर येऊन थांबले.

"हाताला काय झालं?"

"पाय घसरला."

"पाय घसरला आणि हात मोडला?"

"आमचे दाजी शिकलेले आहेत," बेदियाको मामा म्हणाला. "त्यांचं काही सरळ होत नाही."

मागून फिफी आला. काळा कोट, आणि हातात पांढरे शुभ्र हातमोजे. एवढ्या उन्हात. चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरचे आहेत, तो म्हणाला, आज मोठा दिवस म्हणून घातले. कुमासीची माणसं एकमेकांकडे बघून हसली. फांटेच ते. पण सरांना त्या मोज्यांमुळे फार बरं वाटलं. पोरगा रीतीभातीचा आहे, असं त्यांच्या मनात आलं.

पाहुण्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर येण्याचं कारण विचारलं. नाना कोबिना उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "वाटेनं जाताना तुमच्या बागेत एक फूल दिसलं. आमच्या पोराला ते खुडून न्यावंसं वाटतंय. म्हणून आधी दार वाजवायला आलो."

आणि फाटकाबाहेरून सरांचा आवाज आला. सर खुर्चीतच होते. आवाज कर्ण्यातून येत होता. "खरूज झालेला माणूस पहिल्यांदा काय करतो?" आवाजानं विचारलं. "लपवतो. हात खिशात घालतो, फडकं बांधतो, मोजे घालतो."

झिफा ही वर्गातली सगळ्यात उत्साही मुलगी. तिनं सरांचं व्याख्यान मोबाइलवर टिपून ठेवलं होतं आणि ते कर्ण्याला जोडलं होतं. मागोमाग फाटकावर फलक चढला, "खरूजमुक्त अंगण, सारपाँग सरांच्या घरापासून सुरुवात." त्यामागून पांढऱ्या कपड्यातला वर्ग बाटल्यांच्या खोक्यांसह आत आला. अंगणात बसलेली माणसं आधी झोळीकडे बघत होती, मग मोज्यांकडे बघू लागली. कर्णा चालूच होता. "साध्या हस्तांदोलनानं खरूज सहसा होत नाही. कातडीला कातडी चांगली दहा-पंधरा मिनिटं लागून राहावी लागते. म्हणून विचारायचं, घरात आणखी कुणाला खाज आहे?"

"अगं, ते बंद कर," सर म्हणाले.

झिफानं बंद केलं. मग तिची नजर झोळीवर गेली. "सर, हाताला काय झालं? बघू? आम्हाला पट्टी बांधायचंही शिकवलंय."

"राहू दे."

"दाखवा की सर," फ्रेमाबाई शांतपणे म्हणाल्या. "ट्यूब संपली असेल तर दुसरी देते."

सरांच्या लक्षात आलं की आता काहीही बोललं तरी ते खोटं ठरणार. कितीतरी वर्गांना निर्लज्जपणाचे धडे दिलेला तो माणूस उठला, झोळी सोडली आणि आपले फिके, पुळ्यांनी भरलेले हात पुढे धरले. "खरूज आहे," ते म्हणाले. वर्गात हे वाक्य किती सहज निघत असे, ते त्यांना आठवलं आणि स्वतःचाच राग आला. सेरवानं डोळे मिटून घेतले. नाना कोबिना खुर्चीसकट थोडे मागे सरकले, आणि फांटे मंडळींतल्या एकानं बाटल्यांच्या पिशवीचा बंद हातात घेतला.

तेव्हा फिफी उठला. त्यानं एकेक बोट ओढून मोजे काढले. तसेच हात, तशाच पुळ्या, फक्त रंग जाग्यावर होता.

"मलाही आहे, सर," तो म्हणाला. "मला वाटलं, हरमाटन."

सरांना क्षणभर भरून आलं. सगळ्या अंगणात आपण एकटे नाही, या विचारानं त्यांनी फिफीकडे मायेनं बघितलं. पण बेदियाको मामाचा सगळा जन्म कुठला भाग कुठल्या गाडीतून निखळलाय हे ओळखण्यात गेला होता.

"थांबा," तो म्हणाला. "हात मिळवून होत नाही म्हणालात ना? दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग दाजींच्या घरातला किडा या पोराच्या हातावर कसा? हा तर आज पहिल्यांदा दार वाजवतोय."

फलकाची दोरी ओढणाऱ्या मुली थांबल्या. पोकुआ जमिनीकडे बघत होती.

"आम्ही एकाच क्वायरमध्ये गातो, मामा," ती हळूच म्हणाली.

"हाताला हात चिकटवून गाता?"

"किडा तुमचा असेल," नाना कोबिना म्हणाले. "आमच्या पोराला तुमच्याकडून लागलाय. औषधाचा खर्च तुम्ही द्या."

"किडा तुमचा. न वाजवता दार उघडलंय तुमच्या पोरानं. रीत आहे, दंड म्हणून मेंढी पडते. आणि मेंढी घेतल्यावर मुलगी द्यायची की नाही ते मी बसून ठरवीन." मामा सरांकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सरांना काही विचारलं. "दाजी, तुम्ही यातले जाणकार. खाज आधी कुणाला सुटली ते सांगा. कुणाचा किडा कुणाकडे गेला?"

हे सांगणं सरांना अगदी सोपं होतं. फिफीच्या मनगटावरचे जुने डाग त्यांनी मोजे निघताक्षणीच वाचले होते. किडा लागल्यापासून खाज सुटायला महिना-दीड महिना जातो. आधी फिफीला, मग पोकुआला, मग घरादाराला. तीन वाक्यांत सिद्ध झालं असतं, वर्गासमोर, फांट्यांसमोर, आणि मुख्य म्हणजे मेहुण्यासमोर. ज्ञानाचा असा उपयोग व्हावा म्हणून सर किती वर्षं थांबले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि पोकुआनं वर बघितलं. लहानपणी पुळी फुटली की ती हात लपवून अशीच बघायची.

"किडा माझा आहे," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"फिफी पावसाळ्याअखेर माझ्याकडे उजळणीला आला होता, कॉलेजात. वॉर्डातला रोगी मी नुकताच तपासलेला. बेचकी कशी बघायची ते शिकवायला मी याचा हात हातात धरून बसलो होतो."

"पंधरा मिनिटं?"

"पोरगा मठ्ठ होता."

झिफानं काहीतरी विचारायला हात वर केला. सरांनी तिच्याकडे असं बघितलं की तो हात केस सारखे करून खाली आला. मामानं फिफीकडे बघितलं. फिफी त्याच्या वर्षी सगळ्या कॉलेजात पहिला आला होता, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

"होय," फिफी मान खाली घालून म्हणाला. "डोक्यात शिरतच नव्हतं."

मामानं एक सुस्कारा टाकला. मेंढी गेली आणि दाजी मूर्ख हे वर सिद्ध झालं. या दुसऱ्या फायद्यावर त्यानं समाधान मानलं असावं, कारण तो बाटल्यांकडे वळला. रीतीप्रमाणे त्यानं पोकुआला तीनदा विचारलं, या बाटल्या घेऊ का? तीनदा ती हो म्हणाली. तीनही वेळा ती मामाकडे न बघता बापाकडे बघत होती. सर मात्र खाली बघत होते. त्यांना डोळे पुसायचे होते आणि पुळ्या असलेला हात डोळ्याला लावायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर झिफानं कुणाचं ऐकलं नाही. आलेले, राहणारे, खाजवणारे, न खाजवणारे, सगळे एकाच दिवशी, असा नियम तिला पाठ होता. बायका सेरवाच्या खोलीत गेल्या, पुरुष सरांच्या. नाना कोबिना सुरुवातीला नाही म्हणाले, मग लोशन फुकट आहे कळल्यावर दोन बाटल्या गावासाठीही मागून घेतल्या. फिफी भावी सासऱ्याच्या पाठीला लोशन चोपडत होता.

"बेचकी विसरू नकोस," सर म्हणाले.

"नाही, सर." थोड्या वेळानं तो हळू आवाजात म्हणाला, "सर, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं तुम्हीच..."

"ते विद्यार्थ्यांसाठी होतं. आणि लग्न होईपर्यंत तू क्वायर सोडायचीस."

फिफी नाना कोबिनांची पाठ बघायला गेला. खोलीच्या कोपऱ्यात बेदियाको मामा उघडा बसला होता, भिंतीकडे तोंड करून. सर बाटली घेऊन त्याच्यापाशी गेले. दाजींनी चोपडावं हे मामाला फारसं रुचलेलं दिसलं नाही, पण लोशन लागल्यावर त्याचे खांदे सैल पडले.

"जरा खाली, दाजी. कमरेपाशी. तिथे रात्रीचं फार होतं."

सरांचा हात थांबला. त्यांनी मामाची कंबर पाहिली, मग त्याचा हात उचलून बोटं फाकवून पाहिली. बारीक पुळ्या, आणि भोवतीची कातडी दुधाळ चहाच्या रंगाची. त्या रंगाची ट्यूब कुमासीत एकाच व्हरांड्यात मिळत होती. सरांनी खिडकीतून तिकडे नजर टाकली. फुफूचं उखळ धुऊन पालथं घातलेलं होतं आणि त्याच्याजवळ पुरुषाच्या चपला होत्या.

"किती दिवस झाले?"

"हरमाटन आहे ते," मामा भिंतीकडे बघत म्हणाला.

"असेल," सर म्हणाले आणि त्यांनी बाटली उलटी करून उरलेलं सगळं लोशन मामाच्या पाठीवर ओतलं. "पण मेंढीचं बघून ठेवा."